एकाला सही, एकाला सातबारा

"सातबारा पायजे ना? मग आधी गोठा झाड."

देवळ्याकडच्या आमच्या गावचा बागाईतदार ओट्यावर बसून आईला म्हणाला. साठीची बाई मुकाट शेणात वाकली. त्यानं चपलेच्या टोकानं तिची हनुवटी वर केली. "शहरात जाऊन पोरगं लय माजलं का गं तुझं?"

माझा भाऊ नाशकात टेम्पो चालवतो. तिथं द्वारका चौकात एका गाडीला टेम्पो घासला. गाडीवाल्या पोरानं आईवरून शिवी दिली, कानाखाली मारली. भावानंही मारली. दोघांची डोकी फुटली. केस दोघांवर, कलम तेच. पोराला एका कोर्टानं जातमुचलक्यावर सोडलं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सहीवर. भाऊ दुसऱ्या कोर्टापुढं गेला. जामीन झाला, पण जामीनदार जमीनवालाच पायजे. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर जमीन नाय!

"असं कसं?" मी वकिलाला विचारलं.

"साहेबांची मर्जी."

मर्जी! आत भावाचे दात पाडले होते. मी भेटीला गेले तर रक्त गिळत बोलत होता. म्हणून बागाईतदाराला जामीन राहा म्हणायला मी न् आईनं गावची एसटी धरली.

ती चप्पल पाहिली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईच्या हातातला खराटा हिसकावला, त्याच्या तोंडावर हाणला. त्यानं माझे केस धरून मला ओट्यावर आपटलं. मी त्याच्या मनगटाला चावले. रक्त येईस्तोवर सोडलं नाय.

"नको तुझा सातबारा!"

"मग सडू दे त्याला तिथंच," तो म्हणाला.

येताना एसटीत आई एवढंच बोलली, "पोर आत मरंल गं." मला रडू फुटलं. चुकले का मी? नाय चुकले.

तारखेला कोर्टात उभी राहिले. "साहेब, मारामारी एक, कलम एक. त्याला सही पुरली, माझ्या भावाला जमीन का लागते? जामिनाचा नियम सगळ्या कोर्टांना एकच असंल तर लावा. नसंल तर करा."

"ए, खाली बस!" शिपाई खेकसला. नाय बसले. साहेबांनी पुढची तारीख दिली.

भाऊ अजून आत हाय. मी तारखेला जाणार, हाच सवाल विचारणार. बाहेर काढलं तर दारात उभी राहून ओरडणार. मला दया नको, मर्जी तर नकोच. त्या पोराला दिलं तेच भावाला द्या. आई आता कुणाच्या गोठ्यात वाकणार नाय.