कडूकंद चाखणारी दिवलीबाई

मोलगी गावाच्या वरच्या अंगाला, नाल्याकाठच्या पाड्यावर राहणारी दिवलीबाई म्हणजे मोठी खाष्ट बाई. सुनेला, कालीला, उठताबसता टाकून बोलायची. पण पाड्यात कडूकंद शिजला की तिच्यावाचून पान हलायचं नाही, हेही तितकंच खरं.

कडूकंद नावासारखाच कडू, वर विषारी. वेल वाळला की पहारीने खणून काढायचा. कंदाचा वरचा शेंडा तेवढा परत खड्ड्यात पुरायचा, म्हणजे पुढच्या साली वेल पुन्हा वर येतो. मग पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या आणि टोपलीत भरून वाहत्या नाल्यात दगडाखाली ठेवायच्या. घाईने काढल्या तर उलट्या होतात, डोकं गरगरतं, लहान पोर असलं तर हाती लागत नाही. आणि जास्त ठेवल्या तर कुजून जातात. नेमकी वेळ जिभेलाच कळते. म्हणून पाड्याची रीत अशी, की आधी दिवलीबाईने चकती चाखायची आणि तिने "खा" म्हटल्याशिवाय कुणी तोंडात घास घालायचा नाही.

मानमोडीची, म्हणजे तापाची मोठी साथ आली, त्या साली पाऊसही दगा देऊन गेला. ज्वारी खुरटली, घराघरात ताप. दिवलीबाई तापातून उठली, तर कालीने पुढ्यात ठेवलेल्या कण्या तिला अळणी लागल्या. "मीठ काय तुझ्या बापाने लपवून ठेवलं का?" कालीने मीठ घातलं. तरी अळणीच. पुन्हा घातलं. मग दिवलीबाई झोपडीमागे जाऊन कडुनिंबाचा पाला चघळून आली. नुसता पाला, कडूपणा नावाला नाही! पण सांगणार कुणाला? सगळा पाडा जिच्या तोंडाकडे बघतो, तिच्याच तोंडाची चव गेली म्हणून?

तिने सोपी वाट धरली. शेजारची रूपलीबाई टोपली घेऊन आली तेव्हा चकती चघळून म्हणाली, "अजून कडू आहे. राहू दे पाण्यात." दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर टोपली उघडली तर आत सगळा बुळबुळीत लगदा. रूपलीची पोरं उपाशी, रडून रडून आवाज बसलेला. रूपली खाली बसून लगद्यातून धड तुकडे वेचू लागली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं दिवलीबाईला वाटलं. भांडणाला उत्तर देता आलं असतं.

रूपलीच्या नवऱ्याने, जामसिंगने, पुन्हा डोंगर चढून कंद आणला. कापला, उकडला, नाल्यात ठेवला. टोपली वर काढायच्या दिवशी पाडाच काठावर जमला. दिवलीबाईने चकती तोंडात घातली. "खा" म्हणावं आणि कडू निघाली तर पोरं जातील. "थांबा" म्हणावं तर हीही टोपली कुजेल. ती चघळत राहिली. लोक तिच्या जबड्याकडे बघत राहिले.

शेवटी तिने चकती थुंकली. "मला काही कळत नाही. तापात माझी जीभ मेली. रूपली, तुझ्या पोरांचं अन्न मी कुजवलं गं."

दिवलीबाईने दुसरी चकती उचलून कालीपुढे धरली. "घे. जिभेच्या मुळाशी धर. गिळायची नाही, कितीही भूक असली तरी."

कालीने चकती तोंडात धरली. उभ्या जन्मात सुनेला गोड न बोललेल्या दिवलीबाईने तिचं मनगट घट्ट पकडून ठेवलं. सोडेचना. बऱ्याच वेळाने काली म्हणाली, "कडूपणा गेला. खा."

पोरं टोपलीवर तुटून पडली. सगळ्यांचं झाल्यावर सासूसुना एका दगडावर टेकल्या. दिवलीबाईने एक चकती खाल्ली, मग दुसरी.

"कसा लागतो गं?" तिने हळूच विचारलं.

"तू धुतेस तस्साच, माय. थोडा पिठूळ, थोडा राखेचा वास."

"आणि?"

काली सांगत गेली, आणि दिवलीबाई जन्मात पहिल्यांदा तिचं मुकाट्याने ऐकत बसली.