आमच्या मुलीला घरी शिकवायचं ठरलं तेव्हा

मुलगी चार वर्षांची असताना दुकानांच्या पाट्या वाचायला लागली. कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही तेव्हा मुलुंडला राहत होतो. बायको लग्नाआधी शाळेत शिकवायची, त्यामुळे वर्गात अशा मुलांचं काय होतं ते तिला ठाऊक होतं. "हिला येतं तेच पुन्हा गिरवायला लावतील आणि हाताची घडी घालून बसवतील," ती म्हणाली. "आठ वर्षांची होईपर्यंत घरीच राहू दे." पन्नासच्या दशकात हे बोलणं धाडसाचंच होतं. मी हो म्हटलं.

तिची पद्धत सोपी होती. वेळापत्रक नाही. मुलगी विचारेल ते सांगायचं, आणि तिची परीक्षा कधीच घ्यायची नाही. तांदूळ मापताना, चिंचोके खेळताना, डोंगराकडे फिरायला जाताना जे येईल ते येईल. मुलगी दिवसभर प्रश्न विचारायची. मिठागरातलं पाणी जातं कुठे? सावली सकाळी लांब का?

ती सहा वर्षांची झाली, त्या श्रावणात घरी सत्यनारायण होता. शिऱ्याचे द्रोण वाटून झाल्यावर माझा मोठा भाऊ मोठ्यानं म्हणाला, "काय रे, पोरीला शाळेत घालत नाहीस म्हणे? मठ्ठ आहे की काय?"

सगळे हसले. मला राहवलं नाही. मुलीला पुढे ओढून मी विचारलं, "तेरा सत्ते किती?"

तेराचा पाढा तिला येत नव्हता. ती छताकडे बघत म्हणाली, "दहा सत्ते सत्तर, आणि तीन सत्ते एकवीस. एक्याण्णव."

भाऊ गप्प झाला. त्या गप्प होण्याची मला चटक लागली. पाहुणा आला की मी तिला हाक मारायचो. बायको म्हणायची, "अहो, आपलं काय ठरलं होतं?" मी म्हणायचो, "अगं, कौतुकच करतोय ना!"

मग गणपतीत आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात मी तिचं नाव दिलं. रोज ऑफिसला जाण्याआधी तिच्याकडून पावकी-निमकीचे पाढे घोकून घेतले. मंचावर तिनं सगळं घडाघडा म्हटलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात प्रेक्षकांतून कुणीतरी वेगळंच गणित घातलं. ती नेहमीसारखी वर बघून विचार करू लागली. मी खालून ओरडलो, "अगं म्हण ना! पाठ केलंयस ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा फ्रॉक ओला झाला. लोक हसले. तिची आई धावत वर गेली आणि पदरात गुंडाळून तिला घेऊन आली. मी खुर्चीवरून उठलो नाही. शेजारच्यानं विचारलं, "तुमची का हो?" तेव्हा मी न ऐकल्यासारखं केलं.

त्यानंतर तिचे प्रश्न आटले. आई काही दाखवायला गेली की ती विचारायची, "हे पाठ करायचंय का?" पुढच्या जूनमध्ये आम्ही तिला शाळेत घातलं. कशीबशी पास होत गेली. भाऊ म्हणाला, "घरी ठेवून वाया घालवलीत पोर." मी म्हणालो, "आमच्या हिचाच हट्ट होता." बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं कप ठेवले आणि आत गेली. आमच्या घरात पुढे तेच खरं ठरलं.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी आता साठीपलीकडे आहे. मागच्या रविवारी आपल्या सुनेला ती सांगत होती, "आमच्या आईनं मला शाळेत घातलंच नाही वेळेवर, म्हणून मी मागे राहिले."

सून आत गेल्यावर मी मुलीला जवळ बसवलं आणि हे सगळं सांगितलं. मंचावरचं तिला आठवत नव्हतं. खालून ओरडलेलं मात्र आठवत होतं, फक्त कोण ओरडलं ते नाही.

"आई कधीच कशी बोलली नाही?" तिनं विचारलं.



"मॅट्रिकला नापास झाले तेव्हा मी तिला काय काय बोलले, बाबा," तीच पुढे म्हणाली. "तुम्ही तिथेच बसला होतात."


मी तिथेच बसलो होतो.