कुंकू लावलेला आलेख

बायकोनं बंगळुरूच्या चिकपेट बाजारातून आणलेली कोरी साडी उघडली आणि खळीच्या वासासरशी अण्णांचं तिथलं साड्यांचं दुकान आठवलं. रविवारी आमच्या मराठी मंडळात मी अण्णांसारख्यांना शेअर बाजार समजावून सांगायचो. बाजार कोसळला तेव्हा अण्णांनी घाबरून विचारलं, "विकू काय?" मी अख्ख्या बाजाराचा वीस वर्षांचा आलेख हातात दिला. "स्वल्प थांबा, अण्णा. पडतो तो परत चढतो." त्यांनी तो दुकानात देवांशेजारी चिकटवून त्याला कुंकू लावलं. त्यांचे सगळे पैसे एकाच कंपनीत होते. मी विचारलंच नव्हतं. कंपनी बुडाली, दुकान गेलं. पुढे एकदा अण्णा समोरच्याच दुकानात नोकर म्हणून साड्यांच्या घड्या घालताना दिसले. हळूच म्हणाले, "अजून विकले नाहीत हं. तुम्ही थांबा म्हणालात ना?" तेव्हापासून चिकपेटला बायको एकटीच जाते.