झाकणावरची काळी पट्टी

अर्णव, सई, काल तुमच्या आत्याबरोबर इथे आयर्लंडमधल्या नावन गावात जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले होते. तिथला प्लॅस्टिकचा साधा कॅमेरा उघडला आणि आतल्या जुन्या फिल्मच्या वासासरशी मी आमच्या न्हाणीघराच्या दाराशी पोचले.

आत अंधारात माझे बाबा स्वतः घडवलेल्या पहिल्या कॅमेऱ्याची फिल्म धूत होते. बाहेर व्यापारी चहा घेत बसला होता. फोटो स्वच्छ आले तरच तो माल उचलणार होता, नाहीतर बाबांचा छोटा कारखाना बंद. आईने माझा हात घट्ट धरला होता.

बाबा ओली फिल्म घेऊन बाहेर आले. प्रत्येक फोटोवर काळी रेघ होती. झाकणाच्या फटीतून उजेड शिरला होता.

“अहो, फटीवर काळी पट्टी चिकटवा की,” आई कुजबुजली.

“आणि गिऱ्हाइकाला ठिगळ लावलेला कॅमेरा विकू?” बाबांनी फिल्म व्यापाऱ्यापुढे धरली. तो अर्धा चहा टाकून उठला.

ठिगळ सुचवलं म्हणून तेव्हा मला आईचाच राग आला होता. कालच्या कॅमेऱ्याच्या झाकणावर मात्र कुणीतरी काळी पट्टी नीट कापून चिकटवली होती. बोटं लागून लागून ती गुळगुळीत झाली होती.

“अजून ग्रँड चालतो,” दुकानातली बाई म्हणाली.