माशांची सोयरीक

८ मार्च १९९९ रोजी शामकांत जोशींनी आपला बंद पडलेला कॉम्प्युटर केडगावात चेतनकडे आणून टाकला आणि दुरुस्तीचे चारशे पंचवीस रुपये आगाऊ दिले. रविवारी न्यायला येतो म्हणाले.

मशीन बुधवारीच सुरू झालं. चालतंय का पाहायला चेतननं त्यातला माशांचा खेळ लावला आणि त्याची आई चांगुणाबाई तिथंच स्टूल ओढून बसली. वस्तीतल्या निम्म्या सोयरिकी तिनं जुळवलेल्या; नर-मादी निवडून जोड्या लावायचा खेळ तिला शिकवावा लागला नाही. खेळात जमवायच्या माशांचा तक्ता होता; दोन दिवसांत त्यातले सगळे झाले. राहिला एक पांढरा. तो खेळातल्या दुकानात विकत मिळत नव्हता. तिच्या एका निळ्या माशाच्या परावर मात्र पांढरा ठिपका होता.

"म्हणजे पांढरा रंग याच्या रक्तात आहे," चेतननं सांगितलं. "नर-मादी दोघांनाही ठिपका असला, तरच पांढरं पिल्लू निघतं."

शुक्रवारी निळ्याच्या वाढलेल्या पिल्लांत दोन ठिपकेवाली निघाली, एक नर, एक मादी.

"लाव जोडी. उद्या पांढरा."

"सख्ख्या भावाबहिनीची?" बाई उखडली. "लाज हाय का?"

"आई, मासे आहेत ते! तेही खोटे."

"माझ्या हौदात न्हाई चालायचं."

तिनं भावाला बाहेरची बायको केली, बहिणीला परक्या घरी दिलं. शनिवारी दोन्हींकडे ठिपकेवाली पिल्लं आली. रविवारी ती वाढली. भावाची लेक, बहिणीचा लेक.

"मामाची पोरगी. हे कसं रीतीत बसतं!" म्हणत तिनं जोडी लावली. पण जोडी लावल्यावर पिल्लं व्हायला एक दिवस जायचा. पिल्लं सोमवारी निघणार होती आणि जोशी संध्याकाळी येणार होते.

ती छगनच्या फोन बूथवर गेली.

"शामकांतराव, मशीन उद्या न्या. एक लगीन लागलंय, त्याचं निस्तरू द्या."

"कोणाचं हो लग्न?"

"माशांचं."

 जोशी म्हणाले, "बरं. उद्या दुपारी येतो. मानपान काही आणायचा का?"

"तुमी नवऱ्याकडचे. तुमाला लागत न्हाई."

सोमवारी सकाळी सहा पिल्लं निघाली. पाच निळी, एक पांढरं. दुपारी जोशी आले आणि मशीन घेऊन गेले. पांढरा मासा त्यातच होता, तोही गेला. चांगुणाबाईनं स्टूल जागेवर ठेवलं.

छगनचे फोनचे दोन रुपये अजून द्यायचे आहेत.