साडूभाऊंची गूळतुला

ही हकीकत सांगायचं मी तीस वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की मी चष्मा पुसायला घ्यायचो, नाहीतर नळ चालू राहिलाय का ते बघायला उठायचो. आता वय झालं आणि ऐकून रागावतील अशी माणसंही फारशी उरली नाहीत, म्हणून लिहितो. आमच्या साडूभाऊंइतका भित्रा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नाही. साप, विंचू, अंधार असल्या गोष्टींना ते भीत नसत. एकदा फळ्यामागून निघालेला विंचू त्यांनी डस्टरखाली चिरडला आणि 'हं, तर क्ष बरोबर किती?' म्हणून पुढचं गणित चालू केलं. त्यांना भीती वाटायची ती खुर्चीची, वजनकाट्याची, फोटो काढणाऱ्याची, अरुंद दाराची आणि जेवायला आग्रह करणाऱ्या बाईची.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ताडकळसच्या एकाच शाळेत आम्ही दोघं मास्तर होतो, ते गणिताचे आणि मी इंग्रजीचा. ते देहानं ऐसपैस आणि आवाजानं बारीक होते. परक्या घरी गेले की आधी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवायचे, बैल पारखायला आल्यासारखे, आणि हळूच विचारायचे, "सागाची हाय का ओ?" बाभळीची आहे असं कळलं की 'मी आपला उभाच बरा' म्हणायचे. खाली बसावं तर पुन्हा उठायची भीती. त्यामुळे निम्म्या गावाच्या घरी त्यांनी उभ्यानंच चहा घेतला, आणि मास्तर किती साधा माणूस आहे असं गाव म्हणत राहिलं. लग्नांत लोखंडी घडीच्या खुर्च्या यायला लागल्या तसे ते अक्षता पडल्यावर पोचायचा नेम पाळू लागले. एस.टी.त तिघांच्या बाकाच्या कडेला अर्धे बसायचे आणि उरलेलं अर्धं अंग पायांवर तोलून धरायचे, शेजारच्याला अडचण नको म्हणून. परभणीला उतरले की त्यांच्या पोटऱ्या थरथरत असायच्या. पूर्णा जंक्शनवर लाल दिव्यांचं वजनाचं यंत्र होतं, त्यात नाणं टाकलं की वजन आणि भविष्य छापलेलं तिकीट पडायचं. ते यंत्र चुकवायला साडूभाऊ पूल चढून पलीकडच्या फलाटावर जायचे. मी एकदा म्हणालो, "चला, भविष्य तरी बघू." तर म्हणाले, "नुसतं भविष्य मिळत असंल तर काढा, साडूभाऊ. वजनासंगट नगं."

हे शरीर त्यांनी जन्मापासून आणलेलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात ते ऐन उमेदीतले, घरचे सगळे खडी फोडायला जायचे आणि कामावर एका वेळी मिळणाऱ्या सरकारी सुकडीच्या पिठावर दिवस काढायचे. तेव्हापासून समोर आलेलं ताट ते असं संपवायचे की जणू उद्या ताट येणारच नाही. पुढे नोकरी लागली, पगार वाढला. पूर्वी दोन कोस चालत शाळेला यायचे, ते लुना घेऊन यायला लागले. त्या लुनाचं मागचं चाक बघून सायकलवाला हात जोडायचा. घरात डालड्याचा डबा आला, चहात साखर वाढली, दुकानात बिस्किटं आणि फरसाण आलं. संध्याकाळी ओसरीवर टीव्हीपुढं बसायची सवय लागली, आणि टीव्हीपुढं बसल्यावर हाताला काहीतरी लागतंच. शिवाय आमच्याकडे मास्तर दाराशी आला की त्याला रिकाम्या तोंडानं परत पाठवत नाहीत. मी सरळ नको म्हणायचो. त्यांना ते जमत नसे. "न्हाई म्हणलं की त्या माउलीचं तोंड कसं होतं, बघितलंय का तुमी? आपल्या हातचं मास्तरला चाललं न्हाई, असं वाटतं तिला." एका गुढीपाडव्याला त्यांनी सहा घरी पुरणपोळी खाल्ली आणि सातव्या घराच्या भीतीनं गल्ली सोडून नाल्यातून घरी आले.

आज हेच सगळं घरोघर झालंय. माझा धाकटा नातू दोन जिने चढून आला की धापा टाकतो, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही, कारण सोबतीला निम्मा वर्ग धापा टाकतो. त्या वेळी मात्र अख्ख्या ताडकळसात साडूभाऊ एकटे होते. लग्नात सासरे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना सांगायचे, "जावई बघा कसा, भरल्या कणगीवाणी!" माझ्याकडे वळून म्हणायचे, "ह्यांना मात्र घरी कुणी जेवू घालत न्हाई वाटतं." मी तेव्हा हाडकुळा होतो आणि ते वाक्य मला फार दिवस बोचत होतं. पुढच्या दहा वर्षांत वारं फिरलं. टीव्हीवर जाड माणूस दिसला की तो हसायसाठीच असतो, हे गावाला समजलं. जी बाई आग्रहानं चौथी पोळी वाढायची, तीच साडूभाऊ गेल्यावर पदर तोंडाला लावून हसायची. परभणीच्या डॉक्टरांनी त्यांना रक्तदाब सांगितला आणि वजन उतरवा म्हणून बजावलं. त्यांचे वडील असेच चालता चालता गेले होते. डॉक्टरांचं बोलणं त्यांनी फक्त मला सांगितलं. "मराचं भ्याव न्हाई, साडूभाऊ," ते म्हणाले, "उचलणारे कुरकुर करतील, त्याचं वाटतंय." मी हसलो. ते हसले नाहीत.

त्या वर्षी दहावीचा निकाल लागला आणि गणितात शाळेची सगळी पोरं पास झाली. इंग्रजीत निम्मी गेली. गावानं साडूभाऊंचा सत्कार करायचं ठरवलं आणि काय करावं ते मला विचारलं. शाल आणि नारळ म्हणालो असतो तर ही गोष्टच झाली नसती. मी म्हणालो, "गूळतुला करू. मास्तरांच्या वजनाइतका गूळ शाळेतल्या पोरांना वाटू." सगळ्यांना एकदम पटलं. तेव्हा माझ्या मनात काय होतं, ते मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. आता सांगतो. त्यांचा सत्कार व्हावा आणि त्यांचं हसंही व्हावं, असं दोन्ही मला हवं होतं.

तुलेच्या आदल्या दिवशी दुपारी ते माझ्या घरी आले. आमच्या घरातली खुर्ची सागाची होती, तरी बसले नाहीत. चौकट धरून म्हणाले, "तेवढी तुला टाळा. शाल द्या, न्हाई तर काईच देऊ नका. काट्यावर चढायचं म्हणलं की माझ्या छातीत धडधड करायलंय. तुमी सांगितलं तर लोकं ऐकतील." मी 'बघतो' म्हणालो. बघण्यासारखं काही नव्हतं, सत्कार ठरवणाऱ्यांपैकी एका माणसाला जाऊन सांगायचं होतं. मी गेलो नाही.

तुला बाजाराच्या दिवशी झाली. आडतीवरचा धान्य तोलायचा मोठा काटा आणून तीन वाशांच्या तिकाटीला टांगला होता. एका पारड्यात फळी, त्यावर सतरंजी, आणि समोर गुळाच्या ढेपा रचून ठेवलेल्या. साडूभाऊंनी हार घातलेल्या गळ्यानं वर वाशांकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "सागाचे हायेत का?" ते त्यांनी मला विचारलं होतं, फक्त मला. माझ्या हातात माइक होता. मी म्हणालो, "मास्तर विचारायलेत, वासे सागाचे हायेत का!" सगळा बाजार हसला. भाजीवाल्या पाटी सोडून बघायला आल्या.

साडूभाऊ फळीवर बसले, दोन्ही साखळ्या घट्ट धरल्या आणि डोळे मिटले. पलीकडे ढेपा चढायला लागल्या आणि लोक एका सुरात मोजायला लागले. आठ झाल्या, नऊ झाल्या, पारडं हलेना. "धा! अकरा!" अकराव्याला आणलेला गूळ संपला. "गुऱ्हाळच उचलून आना रे!" मी माइकवरून ओरडलो, आणि त्या दिवशी माझ्या विनोदाला जेवढी दाद मिळाली तेवढी आयुष्यात कधी मिळाली नाही. कुणीतरी दुकानातून आणखी दोन ढेपा आणल्या. तेराव्या ढेपेला साडूभाऊंचं पारडं जमिनीपासून सुटलं. त्यांचे पाय लोंबकळले, चप्पल एका पायातून गळून पडली. साखळी धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती. बायकांच्या घोळक्यात मेहुणी पदरानं तोंड झाकून उभी होती. "उतरवा, साडूभाऊ," ते ओठ न हलवता म्हणाले. मला ऐकू आलं. माझं भाषण अजून चार वाक्यं शिल्लक होतं. मी ती चारही म्हटली.

गूळ पोरांना वाटला. त्याच पोरांनी पुढे महिनाभर साडूभाऊ व्हरांड्यातून जाताना पावलागणिक 'धा, अकरा, बारा' मोजलं. मोजायला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून ते कुणावर रागावले नाहीत. फक्त जेवण सोडलं. आधी संध्याकाळचं, मग सकाळची अर्धी भाकरी. लुना विकली. चुडाव्याला स्टेशनाजवळ कुणीतरी वजन उतरवायच्या पुड्या द्यायचा, त्या ते आगगाडीनं जाऊन आणायचे. त्या पुड्यांनी त्यांचं पोट महिनोन्‌महिने वाहत राहिलं. वर्षभरात गालाची कातडी लोंबायला लागली, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. तेव्हा गावाला भीती वाटली. "मास्तरला शुगर लागली म्हणं." "कुणीतरी काहीतरी केलं असंल." ज्या बाया हसायच्या त्या आता त्यांना बघून दार लोटून घ्यायला लागल्या. जाड होते तेव्हा ते गावाचे होते, बारीक झाल्यावर कुणाचेच राहिले नाहीत.

एका सकाळी मेहुणीनं मला घरी बोलावलं. साडूभाऊ बाजेवर पडले होते. ती म्हणाली, "दाजी, खरं सांगा. ही तुला कुणाच्या डोक्यातून निघाली? त्या दिवसापासून ह्यांचं खानंपिनं सुटलंय. रातभर मी ह्यांच्या नाकाशी हात धरून बघते, श्वास चालू हाय का." मी तिच्याकडे बघून म्हणालो, "त्यांचीच हौस होती. मी नको म्हणत होतो." म्हणून झाल्यावर मला बाजेची आठवण झाली. साडूभाऊ जागे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या नजरेत राग शोधायचा मी खूप प्रयत्न केला. मग ते बायकोला म्हणाले, "हो. माझीच हौस. साडूभाऊ न्हाई म्हणत होते." त्या दिवसापासून आमच्या नात्यागोत्यात ही गोष्ट अशीच सांगितली जाते, की त्या माणसाला मिरवायची हौस होती. ती गोष्ट खोटी आहे.

मी संस्थेकडे अर्ज करून जिंतूरच्या शाळेत बदली घेतली. कारण मुलांचं शिक्षण असं लिहिलं. खरं कारण असं, की ताडकळसच्या रस्त्यावर ते समोरून येताना दिसले की मी रस्ता सोडून नाल्यात उतरायचो. इतक्या वर्षांनी त्यांची भीती माझ्या अंगात शिरली होती. काही वर्षं ते तसेच जगले, शाळेत जायचे, गणितं सांगायचे, उन्हात सावली शोधत थांबत थांबत घरी यायचे. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत मेहुणीचा निरोप आला, साडूभाऊंचं काही खरं नाही, आठवण काढतायत. नेमकं त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतराचं झालं. लोक घाबरलेले होते, गाड्या बंद होत्या. मी जिंतूरच्या स्टँडवर गेलो, गाडी नाही असं कळलं आणि मला हायसं वाटलं. तीन दिवसांनी गाड्या सुरू झाल्या. मी आणखी चार दिवस पेपर तपासायचं निमित्त काढलं.

आठव्या दिवशी पोचलो तेव्हा सगळं उरकून एक दिवस झाला होता. मेहुणी रडली नाही. तिनं मला पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, "शेवटपर्यंत म्हणायचे, साडूभाऊनं गावासमोर माझा एवढा मोठा मान केला. तुमी त्यांची हौस भागवली, दाजी. तुमचे उपकार हायेत." मी मान हलवली. मेहुणीही गेल्या वर्षी गेली, तेच उपकार मनात धरून.

जिंतूर ते ताडकळस साऱ्या वाटेनं मी एक वाक्य घोळवत नेलं होतं, बोलायला अडखळू नये म्हणून. ते असं होतं: साडूभाऊ, तुमी नगं म्हणाला होता, मला ऐकू आलं होतं, दोन्ही वेळा. माझं चुकलं.