सांगलीचा पोरगा

मी केलेलं पहिलं रिमिक्स आण्णांनी दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर लावलं, तेव्हा वरचा पत्रा थरथरला, फळीवरचे स्क्रू घरंगळून खाली पडले आणि समोरच्या पानपट्टीवाल्याने मान बाहेर काढून बघितलं. मला वाटलं, जमलं. आण्णांनी गाणं बंद केलं आणि विचारलं, "ह्यात माणूस कुठं हाय?"

"म्हंजे?"

"गाणारी बाई गं. ती काय म्हणत्या ते ऐकू येतंय का तुला? नुसतं धडाम-धुडूम. तिला उभं ऱ्हायला जागा ठेव की जरा."

आण्णा म्हणजे माझे वडील. आष्ट्यात आमचं साउंड सर्व्हिसचं दुकान. लग्न, सभा, जत्रा, गणपती, कुठेही माइक आणि स्पीकर लागले की आमचा टेम्पो निघायचा. पूर्वी दुकानात मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचाही धंदा चालायचा. मग ज्याच्या त्याच्या फोनमध्ये नेट आलं आणि तो धंदा बसला. त्यासाठी घेतलेला कॉम्प्युटर मात्र कोपऱ्यात धूळ खात राहिला. बी.कॉम. झाल्यावर मी दुकानात बसायला लागले आणि त्या कॉम्प्युटरवर गाणी बनवायचं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकटातलं, डेमो.

त्या डेमोची एक खोड होती. केलेलं काम सेव्ह व्हायचं, पण पुन्हा उघडायचं नाही. म्हणजे जे काही करायचं ते एका बैठकीत पुरं करायचं आणि त्याचं पक्कं गाणं करून बाहेर काढायचं. मध्येच लाइट गेली की सगळं पाण्यात. कोयनानगर आमच्यापासून काही परदेशात नाही. तिथल्या पाण्यावर अख्ख्या राज्याचे दिवे लागतात आणि माझं गाणं लाइटवाचून अर्ध्यात मरतं, याची मला भयंकर चीड यायची. त्या चिडीत मी तेच गाणं पहिल्यापासून पुन्हा बनवायचे. दुसऱ्या वेळी ते लवकर व्हायचं. तिसऱ्या वेळी बरं व्हायचं. गाण्यातून फक्त गळा वेगळा कसा काढायचा, ढोलाखाली घुमणारा बेस कसा घालायचा, कुठे सगळं थांबवून एकदम सोडायचं, हे मी हिंदी व्हिडिओ बघत, थांबवत, मागे नेत शिकले.

मध्ये सांगलीला एका क्लासमध्येही विचारायला गेले होते. तिथले सर म्हणाले, "मुलींसाठी सुगम संगीताची बॅच आहे. संध्याकाळची आहे, घरी लवकर जाता येतं."

मी म्हटलं, "मला गायचं नाही सर. मला गाणं बनवायचंय."

"ते मशीनचं काम आहे," ते म्हणाले आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलाला त्यांनी पुढे बोलावलं. मी तशीच एस.टी. धरून परत आले. मशीनचं काम म्हणे. आमच्या घरी मशीन उघडून त्यात बोटं घालणारी मीच होते.

गणपतीच्या आधी आमच्या भागातल्या एका मंडळाची पोरं दुकानात आली. मिरवणुकीला नवीन काहीतरी पाहिजे होतं. आण्णांनी माझं एक गाणं लावलं. तोवर मी गाणाऱ्या बाईला उभं राहायला जागा ठेवायला शिकले होते. मंडळाचा अध्यक्ष, गळ्यात जाड साखळी घातलेला तरणा गडी, ऐकता ऐकता खांदे उडवायला लागला.

"आण्णा, लय भारी हाय की ह्ये! कुणी केलंय?"

मी काउंटरमागेच बसले होते. आण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "हाय एक सांगलीचा पोरगा."

पोरं गेल्यावर मी विचारलं, "आण्णा, तुमी असं का बोललासा?"

"मग काय सांगू? पोरीनं केलंय म्हणून? वाजवतील व्हय? आन् वाजवलंच तर उद्या पारावर काय बोलतील, ठावं हाय का तुला?"

"काय बोलतील?"

आण्णा सोल्डरिंगची गन तापवत बसले.

त्या वर्षी सांगलीच्या पोराचं नाव गाजलं. नाव म्हणजे, नाव काही नव्हतंच, 'सांगलीचा पोरगा' एवढंच. लग्नाच्या हळदीला त्याची गाणी वाजली, वाळव्याकडून माणसं त्याच्या गाण्यांसाठी आली. माझ्याच तोंडावर लोक त्याची तारीफ करायचे. एक जण तर काउंटरवर कोपर टेकवून मला म्हणाला, "मी बघितलाय त्याला. दाढी हाय. कानात बाळी घालतो. लय शिस्तीचा पोरगा." मी त्याच्या पेनड्राइव्हमध्ये गाणी भरत होते. मला हसू आलं आणि रागही. मी नसलेल्या पोराच्या हाताखाली राबणारी बिनपगारी हमाल झाले होते.

तेव्हा मी ठरवलं, की पुढच्या गाण्यात मी असणार. दिसणार नाही तर नाही, पण ऐकू येणार.

माझी मावशी जत तालुक्यात दिलेली. उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा टँकरचे दिवस होते. टँकर यायच्या आधीच बायका घागरी, कळशा, डबे रांगेत मांडून ठेवायच्या. वाट बघताना कुणीतरी रिकाम्या डब्यावर बोटं वाजवायला घ्यायची, दुसरी पितळी घागरीवर बांगडी आपटायची. माझी मावशी गळ्याची तिखट. टँकर वळणावर दिसला की ती ओरडून म्हणायची, "नीरु बंतु, नीरु बंतु, पाणी आलं गं, सटवे, सर म्होरं!" अर्धं कानडी, अर्धं मराठी. सगळ्या बायका हसत हसत तिच्यामागे तेच म्हणायच्या आणि त्याची आपोआप चाल व्हायची.

मी मोबाइल धरून रांगेत उभी राहिले. डब्यांचा ठेका, घागरीचा टणत्कार, टँकरच्या नळीतून पहिलं पाणी रिकाम्या पिंपात पडतं तो गडगडाट, आणि मावशीचा आवाज, सगळं रेकॉर्ड केलं. मग मावशीला सांगितलं, की हे मी गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवरच्या मोठ्या स्पीकरवर वाजवणार आहे, चालेल का?

"माजा आवाज? ट्रॅक्टरवर?"

"व्हय."

मावशीने पदर खोचला. "मग बारीक वाजवू नगस. जोरात वाजीव. ह्या टँकरवाल्याला ऐकू जायला पायजे, रोज दुपार करतोय."

आष्ट्याला परत येऊन मी ते गाणं बांधलं. पिंपात पडणाऱ्या पाण्याचा बेस केला. डब्यांवरची बोटं ढोलाला जोडली. आणि मावशीच्या 'नीरु बंतु'च्या आधी, जिथे सगळं वाजणं एकदम थांबतं तिथे, मी माझ्या आवाजात तीन शब्द टाकले: "ह्ये मी केलंय." डीजे लोक आपापल्या गाण्यात आपलं नाव असं भरदार आवाजात टाकतात. मी नाव टाकलं नाही. आवाज बाईचा आहे, एवढं पुरे होतं.

गाणं मी आण्णांना न ऐकवता मिरवणुकीच्या पेनड्राइव्हमध्ये भरलं.

पुढच्या गणपतीत मिरवणूक दुपारी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत, तिच्या बाजूला मिक्सरपाशी आण्णा. मी रस्त्याच्या कडेला बायकांत उभी. पाण्याचा गडगडाट सुरू झाला तशी पोरं चेकाळली. त्यांना ते काय आहे हे कळलं नव्हतं, पण छातीत घुसत होतं. गुलाल उडाला. हात वर गेले. ठेका वाढत वाढत गेला आणि सगळं थांबलं.

"ह्ये मी केलंय."

भर रस्त्यात माझा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी मोठा होऊन घुमला. आण्णांनी तो ओळखला. त्यांचा हात पुढे आला आणि त्यांनी मिक्सरवरची आवाजाची दांडी सरळ खाली ओढली. आवाज गेला. हात वर केलेली सगळी पोरं तशीच उभी. अध्यक्ष ओरडला, "आण्णा, काय झालं? लावा की!"

आण्णांनी मान खाली घातली होती. मला अजून आठवतं, की मी काहीच ठरवलं नाही. चाकावर पाय देऊन मी ट्रॉलीवर चढले. कुणीतरी म्हणालं, "आवं, ही आण्णांची पोरगी न्हवं?" आण्णा दबक्या आवाजात म्हणाले, "खाली उतर. चार माणसांत शोभा करू नगस."

"शोभा तुमी केलीसा आण्णा, गाणं बंद करून," मी म्हटलं. "सांगलीचा पोरगा न्हाई. ह्या सगळ्यांना ठावं होऊ द्या."

मी दांडी वर सारली. पुरती वर. मावशी जतहून ओरडली, "नीरु बंतु!" आणि रस्ता उसळला. कोण नाचत होतं, कोण माझ्याकडे बघून कुजबुजत होतं, मला काही फिकीर नव्हती. गाणं संपेपर्यंत मी दांडीवरचा हात काढला नाही.

घरी अबोला झाला. आई ताट वाढायची, आण्णा एका बाजूला, मी एका बाजूला. पारावर बोलायचे ते लोक बोललेच. आण्णांना वाटलं होतं त्याहून वाईट नाही आणि चांगलंही नाही. अध्यक्ष दुकानात आला आणि जरा लाजत म्हणाला, "ताई, गाणं एक नंबर हाय. फकस्त ते बाईमाणसाचं बोलणं तेवढं काढून द्या. दुसऱ्या मंडळाची पोरं आमाला चिडवत्यात."

"मग दुसऱ्याकडनं घ्या," मी म्हटलं.

मिरवणुकीतल्या गाण्याची कॉपी घेऊन ते खरंच दुसऱ्याकडे गेले. काही दिवसांनी सांगलीत एस.टी. स्टँडबाहेर रिक्षात माझं गाणं वाजताना ऐकलं. तेच पिंप, तेच डबे, तीच मावशी. पण जिथे मी होते तिथे एका पुरुषाचा घोगरा आवाज होता आणि त्याच्या स्टुडिओचं नाव. माझे शब्द कापून त्याने आपले चिकटवले होते. घाईचं काम होतं, सांधा मला स्पष्ट ऐकू आला.

मी रडले नाही. घरी आले आणि कॉम्प्युटर चालू केला. आता माझ्याकडे पुरं सॉफ्टवेअर होतं, काम उघडून पुन्हा पुन्हा करता येत होतं. "ह्ये मी केलंय" हे तीन शब्द घेऊन मी त्यांचे बारीक बारीक तुकडे केले. 'ह्ये'मधला श्वास झांजेच्या जागी बसवला. 'मी' खाली, खूप खाली ओढून त्याचा ढोल केला. 'केलंय'चा शेवट लांबवून त्याचा सूर धरला. त्यावर नवं गाणं बांधलं. आता त्यात माझा आवाज वेगळा सापडत नव्हता. जो ठोका पडत होता तो मीच होते.

आण्णा मागे येऊन उभे राहिलेले मला कळलं नाही. पुष्कळ वेळ ऐकून ते म्हणाले, "ह्यो ढोल कसला हाय? असला चामड्याचा ढोल मी ऐकला न्हाई."

"माजा आवाज हाय त्यो."

त्यांनी परत लावायला सांगितलं. परत ऐकलं. मग मी त्यांना रिक्षातलं गाणं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान उघडलंच नाही. मोटरसायकल बाहेर काढली आणि म्हणाले, "चल, सांगलीला जाऊ."

स्टुडिओवाला पन्नाशीचा, गोड बोलणारा. आम्हाला चहा मागवला आणि आण्णांकडे बघून म्हणाला, "अहो, यात चोरी कसली? रिमिक्स म्हणजे दुसऱ्याचं घेऊन आपलं करणंच की. नाव काय, आज तुमचं, उद्या माझं."

आण्णा म्हणाले, "माज्याकडं बघून बोलू नगासा. तिला इचारा. काम तिचं हाय."

मी पेनड्राइव्ह त्याच्यापुढे ठेवला. "मी माझ्या मावशीला विचारून तिचा आवाज घेतला. तुम्ही मला विचारलं नाहीत. हे नवीन गाणं आहे. यातूनही मला काढून दाखवा."

त्याने गाणं लावलं, हसत. आधी शब्द शोधले. सापडले नाहीत. मी सांगितलं कुठे आहेत ते. त्याने ढोल कापला, तसं गाणं लुळं पडलं. झांज काढली, तसं ते बसलंच. त्याचं हसू हळूहळू गेलं. पोरगी म्हणून नव्हे, कारागीर म्हणून तो पहिल्यांदा माझ्याकडे बघत होता.

"असं करू," तो म्हणाला, "यापुढे दोघांचं नाव टाकू. तुमचं काम, माझा स्टुडिओ."

"नको," मी म्हटलं. "आधीच्या गाण्यावरचं तुमचं नाव काढा. एवढ्यासाठीच आले होते."

त्याने ते काढलं, पण सगळीकडून नाही. एकदा फोनाफोनांतून पसरलेलं गाणं परत गोळा होत नाही. अजूनही कुठल्या तरी हळदीत त्याच्या घोगऱ्या आवाजाचं गाणं वाजतं आणि मला ते ऐकावं लागतं. मी उठून जात नाही. ज्याचं लग्न असेल त्याला जाऊन सांगते, की खरं गाणं माझ्याकडे आहे, लावायचं का? काही जण लावतात. काही जण म्हणतात, जाऊ दे की ताई.

मी जाऊ देत नाही. परवाच इस्लामपूरहून दोन माणसं दुकानात आली. त्यांना गाणं पाहिजे होतं, बाईच्या आवाजाशिवाय. मी तोंड उघडायच्या आत आण्णांनी हातातला ॲम्प्लिफायर बाजूला ठेवला आणि त्यांना एस.टी. स्टँडचा रस्ता दाखवला.